भाग क्रमांक सांगा

आमदाराच्या संपर्क कार्यालयात माणूस आला की 'काय काम हाय' असं त्याला आधी विचारत नाहीत. 'गाव कोणतं, भाग क्रमांक किती' असं विचारतात. भाग क्रमांक म्हणजे मतदार यादीचा भाग. म्हातारं माणूस गोंधळून जातं. त्याला वाटतं, जमिनीचा गट नंबर विचारला. मग पीए त्याचं मतदान कार्ड मागतो, मोबाइलवर नंबर टाकतो, भाग काढतो. त्यानंतर रजिस्टरचे रकाने भरतात : नाव, गाव, भाग, काम, शेरा. गेल्या उन्हाळ्यात हे रजिस्टर माझ्या हातात होतं. बाहेरून जे दिसतं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आत आपली माणसं कमी जातात, आणि गेलेली सांगत नाहीत. म्हणून लिहिते.

मी एम.ए.ला आहे, राज्यशास्त्र, पहिलं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या सत्राला 'ओजेटी' घातलंय. चार क्रेडिट, १२० तास कुठंतरी प्रत्यक्ष काम करायचं आणि शिक्का मारलेला दाखला आणायचा. पैसेवाल्यांच्या पोरांनी ओळखीच्या पतसंस्थेतून, दुकानातून शिक्के मारून आणले. कामाला कुणी गेलंच नाही. मला ओळख नव्हती. आमचे सर म्हणाले, राज्यशास्त्र शिकतेस, तर राजकारणाच्या हापिसात बस. मतदारसंघ राखीव. आमदार आपल्याच समाजाचा, आपल्याच धम्माचा. आई म्हणाली, "जाय. आपलाच मानूस हाय. भ्याचं काय त्यात?"

ऑफिस तालुक्याच्या गावी, दोन गाळे एक करून केलेलं. भिंतीवर सगळे महापुरुष आणि पक्षाचे नेते. फोटोंचा क्रम महिन्यावारी बदलतो. एप्रिलात बाबासाहेब मधोमध असतात. मी मे महिन्यात गेले तेव्हा ते खिडकीकडं सरकले होते. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेरच्या गाळ्यात बाकडं. कुणी कुणाला 'इथं बस, तिथं बसू नको' म्हणत नाही. अशी भाषा आता कुठंच राहिली नाही, कायदा आहे. तरी सरपंच, सोसायटीचा चेअरमन, गुत्तेदार हे सरळ आत येऊन खुर्चीत बसतात आणि आपली माणसं बाकड्यावर. बाकडं रिकामं असलं तरी काही भिंतीला टेकून उभी. मी एका आजीला म्हणलं, "आत या, खुर्चीत बसा." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय. मला लवकर उठायचंय." दुपारी दोनपर्यंत ती तिथंच होती.

माझ्याबरोबर अजून एक पोरगा होता, दुसऱ्या कॉलेजातला, गावातल्या मोठ्या घरचा. तिसऱ्या दिवशी चहा आला. पीए मला म्हणाला, "ताई, तेवढा चहा वाटून द्या." पोरगा मोकळाच बसला होता. मी म्हणलं, रजिस्टर अर्धं राहिलंय, दादा मोकळे आहेत, ते वाटतील. सगळे एकदम गप्प. मग पीएच हसला आणि पोराला म्हणाला, "चल रे बाबा, राज्य बदललंय." त्यानंतर मला चहाचं कुणी सांगितलं नाही. पण माझं नाव 'राज्य बदललंय' पडलं ते शेवटपर्यंत.

कामं कसली येतात? निम्मी कामं अशी की आमदाराचा त्यात काडीचा संबंध नसावा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्डावर नाव चढवणं. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली झाला. कुठला दाखला किती दिवसांत मिळालाच पाहिजे हे लिहून ठेवलंय, नाही मिळाला तर अपील आहे. पण तहसीलच्या दारातला माणूसच सांगतो, 'साहेबांचं पत्र आना.' पत्र आणलं की काम होतं, काम झालं की उपकार होतो, उपकार झाला की मत होतं. हक्काच्या गोष्टीला पाट काढून साहेबांच्या वावरातून नेलेली आहे.

निराधाराच्या पगाराचं घ्या. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. जुलै २०२३ पासून महिन्याला दीड हजार झाले. अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. आता खुरपायला जाणारी बाई सुद्धा वर्षाला एवढं कमावते, आणि नाही कमावलं तर ती जिवंत कशी हे तलाठ्याने लिहावं. म्हणून प्रत्येक विधवा खोटं उत्पन्न सांगते, आणि ते खोटं मान्य करायचं की नाही हे तालुक्याची समिती ठरवते. समितीचा अध्यक्ष राजकीय माणूस. त्या बाईचं खोटं त्याच्या खिशात राहतं. ती निवडणुकीला कुणाला भिणार, सांगा.

आता रजिस्टरचं सांगते. शेऱ्याच्या रकान्यात 'पत्र दिले' असं सगळ्यांसमोरच लिहायचं. साहेबांच्या दारातून रिकामं कुणी जात नाही, पत्र सगळ्यांना मिळतं. छापील लेटरहेड, वर राजमुद्रा, खाली सही. आपला माणूस ते पत्र पॉलिथिनच्या पिशवीत जपून घालतो, जशी बारशाची पत्रिका. पण काही नोंदींपुढं पीए स्वतः पेन घेऊन बारीक टिंब द्यायचा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, शाई सांडली. मग कळलं. टिंब म्हणजे पत्राबरोबर फोन करायचा. ज्याला टिंब नाही त्याचं पत्र फाईलीला लागतं आणि तिथंच मरतं. अधिकाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो पत्र वाचतच नाही, फोनची वाट बघतो.

आणि टिंब द्यायच्या आधी पीए भागाच्या रकान्यावर बोट ठेवायचा. त्याच्या टेबलावर दुसरी एक फाईल होती : गेल्या निवडणुकीचा केंद्रनिहाय निकाल. कुठल्या केंद्रावर आपल्याला किती, विरोधकाला किती, नोटाला किती. ही फाईल चोरीची नाही. नमुना २० म्हणतात त्याला, निवडणूक आयोगच जाहीर करतो, तुम्हीआम्हीही बघू शकतो. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळायची सोय होती, म्हणजे कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं ते झाकलेलं राहावं. मशीन आली आणि ते झाकण उडालं. एका मशीनमधे एका केंद्राची मतं, आकडा समोर. अनेक मशीनची बेरीज एकदम दाखवणारं 'टोटलायझर' आणावं असं निवडणूक आयोगाने २००८ साली केंद्र सरकारला सुचवलं. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात तीच शिफारस केली. सरकारला ते पटलं नाही. का पटलं नाही हे मला त्या टेबलाशी बसून समजलं. पुस्तकात वाचलं होतं की मतदान गुप्त असतं. एका माणसाचं गुप्त असेलही. वस्तीचं उघडं असतं. मोठ्या गावात भीमनगरचा भाग वेगळा पडलेला असतो, आणि लहान गावात कुणी फुटलं तर बोट कुणाकडं जातं ते सांगायला नको.

भीमनगर म्हणते, पण रजिस्टरच्या जुन्या पानांवर तसं लिहिलेलं नव्हतं. राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचा निर्णय डिसेंबर २०२० मधे घेतला. लेटरहेडवरच्या पत्रात आम्ही 'भीमनगर' टाइप करायचो. रजिस्टरात पीएच्या अक्षरात 'म.वाडा'. विचारलं तर म्हणाला, "ताई, ते आतलं हाय. पटकन ध्यानात यावं म्हणून." आमदार स्वतः तसल्याच वाड्यात जन्मला. त्याने ते रजिस्टर चाळलं नसेल असं मला वाटत नाही.

कंटाळवाण्या दुपारी मी टिंबं मोजायला लागले. आपल्या वस्त्यांच्या नोंदींपुढं टिंबं अजिबात नव्हती असं समजू नका. होती. कमान : टिंब. समाजमंदिराचा पत्रा : टिंब. पुतळ्याभोवतीचं रेलिंग : टिंब. जयंतीची वर्गणी तर साहेब रोख द्यायचे, त्याला पत्रही लागत नसे. पण गायरानाच्या नोंदीपुढं, घरजागेच्या नोंदीपुढं, मारहाणीत गुन्हा नोंदवून घेत नाहीत अशा तक्रारीपुढं एकही टिंब मला सापडलं नाही. कमानीला गावातून विरोध होतो तो एक रात्र. जमिनीला जो होतो तो पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकतो. पीएला हे गणित तोंडपाठ होतं. आपले पुढारी मात्र कमानीवर खुश होऊन जायचे, आणि कमानीखाली आमदाराबरोबर फोटो काढायचे. चळवळीतल्या माझ्या मित्रांनो, राग मानू नका, तुमच्यातलेही दोघेतिघे त्या फोटोत आहेत.

एकदा साहेबांबरोबर गाडीत बसायचा योग आला. एका गावी लग्न होतं, पीए आजारी, कार्यक्रमांची यादी माझ्याजवळ. साहेब माणूस म्हणून वाईट नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. नामांतराच्या आंदोलनात त्याने लाठी खाल्लेली आहे, कोपराजवळ हाड वाकडं आहे. मी विचारलं, "साहेब, आपल्या लोकांची जमिनीची कामं का होत नाहीत?" तो चिडला नाही. म्हणाला, "बाळा, तू राज्यशास्त्र शिकतीस ना? मग सांग, मी कुनाचा आमदार हाय? आपली सगळी मतं एकगठ्ठा पडली तर माझं डिपॉझिट वाचंल. आमदारकी न्हाई वाचत."

घरी येऊन मी आकडे काढले. डिपॉझिट वाचायला पडलेल्या मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, म्हणजे सोळा-सतरा टक्के. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के. त्यातले बौद्ध, मातंग, चर्मकार सगळे धरून. राखीव मतदारसंघात टक्का याहून थोडा जास्त, पण बहुमत कुठंच नाही. विधानसभेच्या २८८ जागांत २९ आपल्यासाठी राखीव. २९ ठिकाणी उमेदवार आपला आणि मतदार गावाचा. गावाला आपल्यातला असा एक निवडायचा असतो जो गावाला नडणार नाही.

हे नवीन नाही. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात बाबासाहेबांनी मिळवलेला स्वतंत्र मतदारसंघ होता. आपला प्रतिनिधी आपण निवडायचा, आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. जागा ७१ च्या १४८ झाल्या आणि निवडायचा हात बदलला. पहिली काही वर्षं तरी चार उमेदवारांची प्राथमिक निवड आपल्या मतदारांकडं होती. नंतर तीही राहिली नाही. खुद्द बाबासाहेब १९५२ मधे मुंबईत पडले आणि १९५४ मधे भंडाऱ्याला पडले. घटना लिहिलेला माणूस संयुक्त मतदारसंघातून निवडून येऊ शकला नाही! १९५५ मधे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने कायदेमंडळातल्या राखीव जागा बंद करा असा ठराव केला. आपण तो ठराव जयंतीच्या भाषणात कधी ऐकला का? मी तरी नाही. उलट दर दहा वर्षांनी मुदत वाढते आणि आपण टाळ्या वाजवतो. २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत वाढवली आहे. राखीव जागा नकोत असं मी म्हणत नाही. नोकरीतली, शिक्षणातली जागा वेगळी, तिथं गाव मत देत नाही. ही जागा वेगळी.

जून उजाडायच्या आधी नाना आले. आमच्याच वस्तीतले, नात्याने आईचे चुलते. भाग क्रमांक मला विचारायची गरज पडली नाही. नानांचे वडील १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर जेलात गेले होते. नाना गायरानाचा एक तुकडा १९८५ पासून कसतात. गोटे वेचून वेचून त्याचं वावर केलंय. शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे की १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलितांची अशी अतिक्रमणं नियमित करावीत. तारीख बघा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची. नानांचं नाव तलाठ्याच्या नमुना १-ई मधे होतं, दंडाच्या पावत्या होत्या. मोजणी झाली नाही, फाईल फिरत राहिली. मग सुप्रीम कोर्टाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल आला, गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून. त्या निकालातच भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या आदेशाने दिलेल्या जमिनीचा अपवाद ठेवलाय. पण निकाल सांगणारे अपवाद सांगत नाहीत.

आता नवीन संकट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, दुसरा टप्पा, २०२३ ची. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारी जमिनीवर सौर प्रकल्प. योजना चांगली आहे, दिवसा वीज कुणाला नको? पण सरकारी जमीन म्हणजे गायरान, आणि गायरान म्हणजे नाना. बागायतदाराच्या मोटारीला वीज द्यायला कोरडवाहू महाराचं वावर लागतं.

नाना म्हणाले, "लेकरा, साहेबाला सांग. कलेक्टरला लिव म्हनावं, हे अतिक्रमन जुनं हाय, ही जागा वगळा."

पत्र मीच टाइप केलं. मन लावून केलं. शासन निर्णयाची तारीख, १-ई ची नोंद, सगळं घातलं. साहेबांनी सही केली. शेऱ्यात 'पत्र दिले'. त्याच दिवशी चार वाजता गावचे सरपंच आले, खुर्चीत बसले. त्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्याच नावाने पत्र पाहिजे होतं : सदर गायरान गटावर सौर प्रकल्प तातडीने मंजूर करावा, ग्रामस्थांची मागणी आहे. ते टाइप करायलाही पीएने मलाच सांगितलं. मी म्हणलं, "सकाळी याच गटाबद्दल उलटं पत्र गेलंय." पीए म्हणाला, "मग? दोघंबी आपलेच मतदार." मी ते पत्र टाइप केलं नाही. त्या पोराने केलं. साहेबांनी त्यावरही सही केली. एकच तारीख, एकच सही, जावक क्रमांकात सात आकड्यांचा फरक. सरपंचाच्या नोंदीपुढं पीएने पेन टेकवलं.

दोन्ही जावक प्रती फाईलला लागल्या. संध्याकाळी मी त्यांचे फोटो काढले. चोरून नाही. जावक रजिस्टर आणि त्या प्रती सांभाळणं माझ्याच कामात होतं, आणि दोन्ही पत्रं सरकारी कार्यालयाला गेलेली होती.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी दोन्ही पत्रं मोठ्यानं वाचून दाखवली. वस्तीतल्या पोरांना आधी हसू आलं. मग एकजण तापला, म्हणाला, चला, ऑफिसवर मोर्चा नेऊ, पुतळा जाळू. एकजण म्हणाला, आपलाच माणूस आहे, बदनामी कशाला, दुसरा आला तर एवढंही करणार नाही. बराच वेळ खडाजंगी झाली. बाया मागं बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठली. तिचाही तुकडा त्याच गटात. म्हणाली, "मोर्च्याचं नंतर बगा. आधी तलाठ्याकडून कागद काढा. कुनाकुनाचं नाव हाय ते तर कळू द्या." हे शहाणपण आम्हा शिकलेल्यांना सुचलं नव्हतं.

सोमवारी आम्ही तहसीलला गेलो. नाना, त्या तिघी बाया आणि मी. पत्राशिवाय. १-ई च्या नकलेचा अर्ज दिला, पोच घेतली. बाबू म्हणाला, साहेबांचं पत्र? त्या बाईने पोचपावती त्याच्यापुढं धरून विचारलं, "ह्याच्यावर तारीख टाकलीस का तू?" त्याने टाकली. नक्कल मिळायला तीन खेपा पडल्या. अकरा नावं निघाली. दोन नावं खोडून वर दुसरी लिहिलेली. त्या दोघांची भांडणं वस्तीत अजून चालू आहेत. तेही लिहिलं पाहिजे. आपल्यातलेच आपल्याला खोडतात, त्याला पुणे कराराची गरज लागत नाही. अकरा जणांचे वेगवेगळे अर्ज आता जिल्हाधिकाऱ्यांकडं आहेत. हरकतीची सुनावणी लागलेली नाही.

दाखला मला मिळाला. १२० तास, 'काम समाधानकारक', शिक्का. पीएने देताना विचारलं, "ताई, दोन पत्रांची वस्तीत लई चर्चा हाय म्हनं?" मी हो म्हणलं. तो म्हणाला, "भाग क्रमांक लक्षात ठेवलाय आम्ही." हसत म्हणाला. मी पण हसले. भाग क्रमांक बदलायची सोय त्यांच्याकडंही नाही, आमच्याकडंही नाही.

मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस आला. नानांनी त्या तुकड्यात तूर आणि मूग पेरला. परवा मला म्हणाले, तलाठ्याला निरोप धाड. त्याने येऊन बघावं आणि दंड लावावा. मागच्या चार सालांत त्याने पावतीच फाडलेली नाही. दंडाचे पैसे नानांनी बाजूला काढून ठेवलेत.